कोको, आवळा आणि अक्कांची पितळी डबी

११ नोव्हेंबर, सोमवार

पेरूला रक्त लागलं! आतून गुलाबी पेरू, त्यामुळे पहिल्या घासाला कळलंच नाही. दुसऱ्या घासाला सालीवर लाल रेघ दिसली. आरशात पाहिलं तर खालच्या पुढच्या दोन दातांच्या मुळाशी हिरडी फुगलेली, आणि एक दात जिभेने ढकलला की चक्क पुढे-मागे होतो. बावन्न वर्षांची बाई मी. चोवीस वर्षं अंगणवाडीत पोरांना ‘दाखवा बरं दात’ म्हणत आले, आणि आज स्वतःच आरशासमोर माकडासारखी दात विचकून उभी!

अक्का मागून म्हणाल्या, “पेरू कसाले खास? मिशरी लाव, रगत बंद व्हई जाई.”

पेरू कशाला खातेस, म्हणे! मिशरी लावली. झोंबली. रक्त थांबलं. सासूबाईंचं औषध अठ्ठावीस वर्षं लागू पडतंय मला!

१२ नोव्हेंबर

दात अजून आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. भडगावात स्टँडसमोर नवा दवाखाना झालाय, तिथे. डॉक्टर कोण? तर प्रज्ञा! माझ्या अंगणवाडीतली. हिचं नाक मी पुसलंय, पदराने. आज ती हातमोजे घालून माझ्या तोंडात आरसा घालते आणि म्हणते, “बाई, आ करा. अजून मोठा.” हाच आवाज मी वापरायचे, खिचडी भरवताना.

अर्धा तास घासघास घासलं तोंडात. मग म्हणाली, हिरड्यांना सूज आहे, आतलं हाड झिजायला लागलंय. ब्रश नीट करायचा, मऊ, दोन वेळा. आणि खाण्यात आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला, गाजर, पालेभाज्या. क जीवनसत्त्व आणि अँटिऑक्सिडंट्स म्हणे. हिरडीत सूज असली की तिथे पेशींची नासधूस चालते, ती आवरायला हे उपयोगी पडतात. “पण बाई, नुसतं खाऊन भागत नाही हां. सफाई आधी, खाणं मदतीला.”

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “तंबाखू वगैरे काही?”

“छे!” मी म्हणाले.

खोटं नाही बोलले. तंबाखू मी खात नाही. आमचे सासरे खायचे, आबा, आणि अकरा वर्षांपूर्वी तोंडातल्या गाठीने गेले. मी लावते ती मिशरी. तव्यावर भाजून काळी केलेली, वाटलेली. अक्कांचं म्हणणं, “जयी गयी ते तंबाखू कशी ऱ्हास?” जळून गेली तर तंबाखू उरलीच कुठे! चोवीस वर्षं आहार शिकवणाऱ्या बाईला हे पटलेलं आहे. पुढे काय बोलणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

फ्रिजवर यादी चिकटवली. सोमवार आवळा, मंगळवार शेवगा वगैरे. हे घरी होते. (जामनेरच्या मार्केटात कारकून आहेत, शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. असा नवरा सगळ्यांना मिळो.) यादी वाचून म्हणाले, “यात शेवभाजी कुठंय?” म्हटलं, शेवेत अँटिऑक्सिडंट नसतात. म्हणाले, “मग असू दे, माझ्या हिरड्या चांगल्या आहेत!” आणि समोर बसून दोन वाट्या शेवभाजी ओरपली, रस्सा हनुवटीवर. मी आपली शेवग्याचा पाला चघळतेय, शेळीसारखी.

दुपारी अक्कांनी तवा ठेवला. रविवारी मिशरी भाजायची हा या घरातला नियम, कुलाचारापेक्षा कडक. सगळ्या घरात ठसका. हे खोकत बाहेर पळाले. अक्कांनी थंड करून वाटली, माझ्या प्लास्टिकच्या डबीत भरून दिली. स्वतःच्या पितळी डबीत आतल्या खोलीत जाऊन भरतात. त्या डबीला कोणी हात लावायचा नाही. आबांची आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

माता बैठक. मी अँटिऑक्सिडंटवर बोलले, बाई! एकदम फॉर्मात. म्हटलं, शरीरात काही टवाळखोर कण फिरत असतात, चांगल्या पेशींची ओढाताण करतात. आवळा, जांभूळ, गाजर, पालक हे त्यांना धरून खाली बसवतात. बेबाबाई नावाची एक नेहमीची आहे, पहिल्या रांगेत बसून जांभया देते. ती म्हणाली, “मना घरमा बी एक टवाळखोर शे, त्याले कोनता आवळा देऊ?” सगळ्या हसून लोळल्या.

शेवटी तंबाखूमुक्तीची शपथ. हात पुढे करून मी सांगितली, त्यांनी म्हटली. तेव्हा माझ्या खालच्या ओठात सकाळच्या मिशरीची चव होती. चूळ भरून गेले होते, तरी होती.

२३ नोव्हेंबर

दहा दिवसांत तेवीस आवळे. पोट हललं, दात हलायचा थांबला नाही.

२ डिसेंबर, सोमवार

पुन्हा प्रज्ञा. सुधारणा नाही. बारीक सळईने हिरडीची खोली मोजली, आकडे बोलत गेली, आणि आकडे बोलताना तिचा चेहरा उतरत गेला. म्हणाली, “बाई, खाणं तर तुम्ही पाळताय. ब्रशही दिसतोय. शुगर तपासून घेऊ. आणि अजून काही असेल तर सांगा मला.”

“नाही गं, काही नाही.”

“महिनाभर बघू. नाहीतर खालचे दोन काढावे लागतील. बाजूचेही मग फार दिवस टिकायचे नाहीत.”

काढावे लागतील! पुढचे! म्हणजे ‘फळा’ म्हणायला गेले की वारा सुटणार, आणि वीस पोरं माझी नक्कल करणार. मला हसू आलं आणि रिक्षात बसल्यावर रडू आलं. दोन्ही लिहून ठेवते.

शुगर नॉर्मल आली. म्हणजे दोष साखरेवरही टाकता येत नाही.

३ डिसेंबर

काय आहे ते मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जिथे मिशरी धरते, बरोब्बर तिथली हिरडी खाली गेलीय. चोवीस वर्षं चार्ट लावणाऱ्या बाईला हे कळायला कोणा डॉक्टरची गरज नाही.

मग सोडत का नाही? तलफ आहेच. पण खरं कारण लिहून टाकते, इथे कोण वाचतंय.

सकाळी सव्वासहा ते सात अक्का आणि मी मागच्या ओट्यावर बसतो. दोघींचं एक बोट तोंडात. मधूनमधून पिचकारी नालीत. बाकी दिवसभर आमचं पटत नाही. मीठ कमी पडलं, टीव्हीचा आवाज, गॅस कोणी सुरू ठेवला. अठ्ठावीस वर्षांत आम्ही या ओट्याबाहेर एकमेकींशी धड बोललेलो नाही. ओट्यावर मात्र ती बाई वेगळीच असते. माझी दाढ दुखली होती लग्नानंतर, कोणी लक्ष दिलं नाही, तेव्हा तिनेच बोटावर मिशरी देऊन मला जवळ बसवलं होतं. मी चोवीस वर्षांची. माहेर लांब. त्या दिवसापासून बसतोय.

मयुरीचा जन्म, माझी नोकरी, आबांचं आजारपण, सगळं तिथेच ठरलं. मिशरी सुटली तर ओटा सुटेल. दोन दात की पाऊण तास, असा हा हिशेब आहे आणि मला तो सुटत नाहीये.

४ डिसेंबर, बुधवार

सोडली! डबी धान्याच्या कोठीमागे टाकली. सहा वाजता उठले, डोकं ठणकतंय. संडासात वीस मिनिटं बसले, उपयोग शून्य. मिशरीशिवाय पोट हलत नाही, हे सगळ्या बायकांना माहीत असतं, कोणी सांगत नाही.

तरी ओट्यावर गेले. रिकामं बोट, रिकामं तोंड. अक्कांनी पाहिलं. “आज नही का?”

“नको वाटतंय.”

“तोंड रिकामं ठेवीसन कोनी बठस का?” म्हणाल्या. मी कोथिंबिरीबद्दल काहीतरी बोलले. त्या ‘हं’ म्हणाल्या. चार मिनिटांत उठल्या, “तुले कामं व्हतीन” म्हणत आत गेल्या. चार मिनिटं! मी घड्याळ पाहिलं.

५ डिसेंबर

आज तीन मिनिटं. पोट तसंच. अंगणवाडीत एका पोरावर खेकसले, त्याने भोकाड पसरलं, मग मीही.

६ डिसेंबर, शुक्रवार

युक्ती!! मयुरी दिवाळीत पुण्याहून आली होती, केक करायचं सामान आणलं होतं, त्यातला कोकोचा डबा इथेच राहिला. बिनसाखरेचा. उघडून पाहिला तर रंग तोच, पूडही तशीच बारीक. कोठीमागची डबी काढली, धुतली, कोको भरला.

सकाळी ओट्यावर बोटावर घेऊन हिरडीवर फिरवला. कडू. थुंकलं तर थेट मिशरी! अक्का खूश. “बठ वं, काल काय झायं ते सांगू का?” आणि पन्नास मिनिटं बोलत होत्या!

मयुरीला फोन केला. कोकोत काय असतं गं? म्हणाली, “आई, भरपूर अँटिऑक्सिडंट्स. का?” म्हटलं, सहज.

म्हणजे मी फसवतेय ते पौष्टिक फसवतेय.

९ डिसेंबर

पोट हललं! सहाव्या दिवशी, मिशरीशिवाय. प्रज्ञाला फोन करून सांगावंसं वाटलं. नाही केला.

१५ डिसेंबर, रविवार

तलफ आता दुपारी चारला येते आणि भांडून जाते. तेव्हा गाजर खाते. हे म्हणाले, “घरात ससा पाळल्यासारखं वाटतंय.” त्यांना म्हटलं, तुम्ही जामनेरला जा.

अक्कांनी तवा ठेवला आणि माझ्यासाठी ताजी भाजली. ठसक्याने डोळ्यांत पाणी, ७९ वर्षांची म्हातारी, हलवत बसलीय. माझ्या डबीत भरून दिली. मी मागच्या दाराने जाऊन नालीत ओतली, वर कोको भरला. इतक्या कष्टाने कोणी माझ्यासाठी दुसरं काय करतं?

२० डिसेंबर

अक्का सध्या ओट्यावर एकच गोष्ट सांगताहेत, रोज थोडी थोडी. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात त्या सासरहून पळाल्या होत्या! तेव्हा ही मंडळी रावेरला केळीच्या मळ्यात कामाला. अक्का सोळा वर्षांच्या. पहाटे केळीच्या ट्रकमध्ये घडांमागे जाऊन बसल्या. आणि मागून आबा सायकलवर! ट्रक पुढे, आबा मागे, धोतर उडतंय. दहा दिवस झाले, मी आपली रोज विचारतेय, पुढे काय?

आज कळलं. रेल्वे फाटकाजवळ ट्रक थांबला. आबांनी सायकल टाकली, ट्रकच्या मागे उभे राहिले. धापा टाकताहेत. मग खिशातली पितळी डबी काढली आणि पुढे केली.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. खाले उतरनू. दोन्ही बठनूत फाटकजोडे.” फाटकाजवळ दोघं बसले, एवढंच! अक्का हसल्या. सात दात, सातही दिसले.

म्हणून त्या डबीला कोणी हात लावायचा नाही. मी ओट्यावर कोको थुंकला आणि मला फार खोटारडं वाटलं.

३० डिसेंबर, सोमवार

प्रज्ञाकडे. सळई घातली, आकडे बोलली, आणि या वेळी आकडे लहान! रक्त नाही. हललेला दातही बराच धरलाय. काढायचे नाहीत! मी खुर्चीतून उठून तिचा मुका घेणार होते, पण तोंडात कापूस होता.

म्हणाली, “आवळ्याने बरीच मदत केली हां, बाई.”

तिथे मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. मिशरी, अठ्ठावीस वर्षं, कोठी, कोको. कोको ऐकून तिने मास्क काढला आणि भिंतीला टेकून हसली.

मग म्हणाली, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. घासताना जे काळं निघालं ते आवळ्याचं नव्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“लहानपणी कुणी चड्डीत केली तर तुम्ही वर्गात विचारायचा नाहीत. तोच येऊन सांगेपर्यंत थांबायचात. मीपण थांबले.”

मला वाटतं ते पोरगं तीच होती. विचारलं नाही.

निघताना म्हणाली, “आता अक्कांनाही आणा. अख्खा जन्म मिशरी, आणि आबांना जे झालं ते घरात झालेलं. तोंड बघून घेऊ.” तिने सहज म्हटलं. इतके दिवस मी फक्त माझे दोन दात मोजत बसले होते!

१ जानेवारी

अक्का येत नाहीत म्हणतात. “मना सात दात शेतस, सातीबी घट्ट. डॉक्टरले काय दखाडू?” दोन दिवस विनवतेय. मध्येच कल्पना येते, आरशाखाली पांढरा डाग दिसतोय. आबांचाही आधी एवढासाच होता, शेंगदाण्याएवढा. मला झोप नाही. भांडलं तरी चालेल, मीठ कमी म्हटलं तरी चालेल, टीव्ही कितीही मोठ्याने लावू देत, फक्त तोंडात काही निघायला नको.

३ जानेवारी, शुक्रवार

शेवटी आल्या. प्रज्ञाने दिवा लावून दहा मिनिटं पाहिलं. जीभ, गाल, ओठ, सगळं. मी खुर्चीचा दांडा धरून उभी. मग ती माझ्याकडे वळली. “काही नाही, बाई. हिरड्या तुमच्यापेक्षा छान आहेत. अंबाडीची भाजी, कच्चा कांदा, पेरू, सगळं खातात म्हणे रोज. आणि जुने डाग आहेत दातांवर, पण फार जुने. यांनी गेल्या कित्येक वर्षांत मिशरी लावलेली नाही.”

म्हटलं, अगं, आजच सकाळी लावली! माझ्यासमोर!

अक्का छताकडे पाहत होत्या.

रिक्षात विचारलं. पितळी डबीत बाभळीचा कोळसा आहे. वाटलेला, मीठ घालून. “तुना सासरा गया ना, तवय सोडी दिधी.” अकरा वर्षं!

मी ओरडलेच. मग मला दर रविवारी भाजून का देत होतात? जहर आहे हे कळलं होतं ना तुम्हाला?

 मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “मिशरी नही ते तू कसाले बठशी मनाजोडे?”

 रिक्षा पुलावर आली तेव्हा त्यांनी माझा हात धरला, पहिल्यांदाच ओट्याबाहेर. म्हणाल्या, “महिनाभर तुना तोंडना बिस्कुटसारखा वास येस. मी बोलनू का काही?”